बेटावरचा पाळणा

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा त्याला मासळीचा वास येत असेल. त्याबद्दल होडीवरच्या आपल्या तांडेलाला काही बोलू नकोस. मीच त्याला म्हटलं, बाबा रे, जाळ्यांच्या पेटीत अगदी तळाशी ठेव, वर ठेवलंस तर कुणाच्या तरी नजरेला पडेल. एक दिवसाआड फोनवर बोलतो आपण, मग पत्राचं एवढं काय अडलं होतं, असं तू विचारशीलच. सांगते. पण मला माझ्या चालीने येऊ दे. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की मी आधी सगळं घर झाडून काढायचे आणि मग आईसमोर उभी राहायचे, आठवतं ना? तू म्हणायचीस, ताईने झाडू घेतला, आता बघा काय फुटलंय ते. आज रविवार आहे, दुपार आहे, आणि मी सकाळपासून दोनदा घर झाडलंय.

आई आत पंख्याखाली आडवी झालीय. तिने इतकी झबली शिवलीत की जुळं झालं तरी पुरून उरतील. मशीनचा पट्टा तुटला तर दुरुस्तीची वाट न पाहता हाताने शिवायला बसली. परवा जुन्या मऊ चादरीची दुपटी केली, आणि माझी चांगली उशीची खोळही त्यातच गेली. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की तिचा एकच प्रश्न असतो, बोट कधी येणार गं? मी म्हणते, येईल. मग ती दाताने दोरा तोडते आणि सुईत नवा ओवते. हल्ली मी मुद्दाम उशिरा घरी येते.

तू तिकडे जायला निघालीस तेव्हा मी तुला या समुद्राच्या भांडणाचं शास्त्र समजावायला बसले होते. तू दुसऱ्याच वाक्याला उठून पळालीस. नाव भिंगरी ठेवलं ते काही उगाच नाही. पण आता ऐक, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. समुद्रात नुसता खडक असला, तर तो ज्याचा, त्याला भोवतालचं जेमतेम अंगणाएवढं पाणी मिळतं. त्याच खडकावर माणसं नांदत असली तर ते बेट झालं, आणि बेटाच्या मालकाला थेट क्षितिजापलीकडचा समुद्र मिळतो, त्यातल्या माशांसकट आणि तळाखालच्या तेलासकट. म्हणून तू आहेस त्या जागेला आपण बेट म्हणतो. पलीकडच्या देशाचे लोक तिला खडक म्हणतात, आणि वर म्हणतात की तो खडकही आमचाच. तुझ्या समोरच्या पाण्यापलीकडे त्यांची वस्ती आहे ना, ती बाई कपडे वाळत घालताना तुला हात करते ती? ती वस्ती ज्यावर आहे ते त्यांच्या मते बेट आहे आणि आमच्या मते खडक. आमच्या ऑफिसात आपल्या बेटाला चुकून जो खडक म्हणेल त्याने सगळ्यांना चहा आणायचा असा दंडक आहे. नवीन होते तेव्हा रोजचा चहा मीच आणत होते.

आता नांदणं म्हणजे काय? तर शाळा हवी, म्हणून दीपगृहवाल्याच्या दोन पोरांसाठी शाळा काढली. टपालपेटी हवी, कोंबड्या हव्यात, परसबाग हवी. गोण्या भरभरून माती पाठवली. डॉक्टर हवा, पण तिथे यायला कुणी तयार होईना. शेवटी तो दातांचा डॉक्टर मिळाला. साहेब म्हणाले, यादीत नुसतं डॉक्टर लिहा. मी लिहिलं. तेव्हा मला हसू आलं होतं, घरी येऊन आईलाही हसत हसत सांगितलं होतं.

आणि पाणी गोडं करायच्या यंत्राला एक मिस्त्री हवा होता. ती जाहिरात तुझ्या नवऱ्याच्या हातात कुणी दिली? मीच. कारखान्याला टाळं लागल्यापासून तुझे मिस्त्री दिवसभर खिडकीशी बसून घरातलं एकुलतं एक घड्याळ उघडायचे आणि पुन्हा बंद करायचे. तिकडे मुदत पुरी केली की इकडे सरकारी घर मिळणार होतं. आपला समुद्र आपल्या माणसांनी राखायचा नाही तर कुणी, असलंही काहीतरी मी बोलले होते. तू टुणकन तयार झालीस. गेल्यावर पहिल्याच फोनवर म्हणालीस, ताई, चहाचं आधण ठेवून फेरी मारायला निघालं तर पाणी उकळायच्या आत सगळा देश फिरून होतो. आपण दोघी पोट धरून हसलो. ऑफिसातही मी तो विनोद सांगितला, फक्त देशाच्या जागी बेट म्हटलं.

मी हे सगळं नुसतं पगारासाठी करते असं समजू नकोस. बाबांची होडी त्यांच्या गस्तीच्या बोटीने ओढून नेली तेव्हा तू पाळण्यात होतीस. अख्खा हंगाम बाबा त्यांच्या तुरुंगात होते आणि आई दुसऱ्यांच्या दारात मासे निवडत होती. माझ्या मनातला तो राग कधी गेलाच नाही. बाबांचा मात्र गेला होता, किंवा मुळात नव्हताच. परत आले ते सांगत आले की जेवण बरं देत होते. समुद्राला कुंपण घालणारा अजून जन्माला यायचाय, असं म्हणायचे. मी आज ज्या खुर्चीवर बसते तिथे दिवसभर कुंपणाचंच काम चालतं, हे त्यांनी बघितलं नाही ते बरं झालं.

त्यातलं माझं खास काम म्हणजे निषेधपत्रं. त्यांचं ते पांढरं दवाखान्याचं जहाज दर अमावास्येच्या सुमारास त्यांच्या वस्तीपाशी नांगर टाकतं, चार दिवस थांबतं आणि जातं. दर वेळी मी लिहिते की आपलं जहाज आमच्या सागरी हद्दीत बेकायदा उभं आहे, आम्ही याचा तीव्र निषेध करतो. दर वेळी त्यांचं उत्तर येतं की जहाज आमच्याच हद्दीत आहे, कळावे. सगळ्यात मोठा तमाशा झाला तो आपल्या तांडेलाच्या वेळी. भर समुद्रात त्याचं पोट दुखायला लागलं, पोरांनी घाबरून त्याला सरळ त्या जहाजावर चढवलं, आणि त्यांनी त्याचं आंत्रपुच्छ काढून, टाके घालून परत पाठवलं. आपण निषेध केला की आमच्या हद्दीत आमच्या नागरिकावर विनापरवाना शस्त्रक्रिया झाली. ते वाक्य माझं होतं आणि साहेबांना फार आवडलं होतं. त्यांनी उलट टपाली रुग्णाचं नाव, केलेले उपचार, प्रकृती, एवढंच काय, काढलेल्या तुकड्याची लांबीसुद्धा कळवली. फार नेटके लोक आहेत. तांडेल अजून भेटेल त्याला सदरा वर करून टाके दाखवतो.

आता झाडून काढायला काही उरलं नाही, तेव्हा फुटलं काय ते सांगते.

तू मला ती गोड बातमी दिलीस त्याच आठवड्यात आमच्याकडे मोठी बैठक होती. पुढे लवादापुढे आपली बाजू मांडणार आहेत त्या वकीलबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, तुमची शाळा ठीक आहे, कोंबड्याही ठीक आहेत, पण समोरचा वकील म्हणेल की ही सगळी पगारी माणसं आणून बसवलीत. जिथे कुणी जन्मत नाही त्याला गाव नव्हे, छावणी म्हणतात. सगळे खाली माना घालून बसले. आणि माझ्या जिभेला हाड नाही. पोटात मावत नव्हती ती बातमी. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग काळजी कशाला? आमच्या बेटावर पाळणा हलणार आहे."

मावशी होणार म्हणून बोलले गं मी. शपथेवर सांगते, तेवढंच मनात होतं. पण खोलीभर माना वर झाल्या. वकीलबाईंनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतकी वर्षं त्या ऑफिसात मी भिंतीला टेकून बसत आलेय. त्या दिवशी साहेबांनी मला त्यांच्या शेजारी बसवलं. सुनावणीला परदेशी जायचं म्हणून माझा पासपोर्ट काढायचं ठरलं. तुझं बाळ अजून तुझ्या पोटात जेमतेम रुजत होतं, आणि मी त्याच्या जिवावर खुर्ची पुढे ओढून घेतली.

समुद्र खवळायच्या आधीची शेवटची बोट आठवते? त्या बोटीने तू परत यायचं असं आपलं ठरलं होतं. मागच्या वेळी काय झालं ते आपल्या दोघींना आणि आईला माहीत आहे. दवाखाना हाकेच्या अंतरावर असूनही, ऑपरेशन करूनही बाळ हाती लागलं नाही, आणि तूही कशीबशी वाचलीस. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, पुढच्या खेपेला कळांची वाट बघायची नाही, मोठ्या दवाखान्यात वेळेआधी आणून ठेवायचं. हे मी विसरले नव्हते. आणि तरीही, भिंगरी, परत येणाऱ्यांची यादी माझ्या टेबलावर तयार होते. तिच्यात तुझं नाव मी घातलं नाही.

कुणी हात धरून लिहून घेतलं असतं तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. साहेबांनी दम दिला नाही, हुकूम दिला नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, "तुमची बहीण आहे म्हणून सांगतो, घाई नको. देशाच्या इतिहासात त्या बाळाचं नाव राहील." मी हो म्हटलं. स्वतःची समजूत घातली की आपण डॉक्टर पाठवू, नर्स पाठवू, जगात काय सगळ्याच बायका मोठ्या दवाखान्यात बाळंत होतात? मग तुला फोन केला आणि सांगितलं की बोटीत सिमेंटच्या गोण्या आहेत, यंदा जागा नाही. गोण्या होत्या, ते खोटं नाही. पण तुझ्यापुरती जागाही होती. तू म्हणालीस, "बरं ताई. तू आहेस ना तिथे, मग मला कसली काळजी?"

ते वाक्य ऐकल्यापासून मला धड झोप नाही. सांगायचं तर तुला फोनवर कधीच सांगितलं असतं, पण बेटाची लाइन आमच्याच ऑफिसातून जाते आणि प्रत्येक शब्द साहेबांच्या शेजारच्या खोलीत टेपवर चढतो. तू डोकं दुखतं म्हणालीस, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणालीस, आणि त्या टेपच्या धाकाने मी म्हटलं, ऊन लागलं असेल, पाणी पीत जा. दातांच्या डॉक्टरने तुला गोळी दिली म्हणे. बिचारा तो तरी काय करणार?

मग मागच्या सोमवारी तिकडचे फोटो आले. लवादापुढे ठेवायच्या फोटोंखाली एकेक ओळ लिहायची, हेही माझंच काम. तुझा फोटो होता टोमॅटोच्या रोपांपाशी. मी ओळ लिहिली, बेटावरील गृहिणी आपल्या परसबागेत. आधी ओळ लिहिली आणि मग फोटोकडे पाहिलं, असं झालंय माझं. तुझा चेहरा सुजलाय गं. पाय तर चपलेत मावत नव्हते. बोटात अंगठी नव्हती, ती तू दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होतीस. आणि तरी कॅमेऱ्याकडे बघून हसत होतीस, कारण फोटो ताईकडे जाणार हे तुला माहीत होतं.

तो फोटो ओढणीखाली लपवून मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. मागच्या खेपेला तुला ज्यांनी वाचवलं, त्याच. त्यांनी फोटो हातात धरला, काजव्यांचं ऐकलं आणि म्हणाल्या की ही लक्षणं रक्तदाबाची आहेत, आता उद्या-परवा करायचं नाही, नाहीतर दोन्ही जीव जातील. ती आहे कुठे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग तिला तिथे ठेवलं कुणी, असं विचारलं. मी फोटो परत ओढणीखाली घातला आणि उठले.

तिथून तशीच साहेबांच्या घरी गेले. पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. म्हटलं, हेलिकॉप्टर पाठवा, मी बोलले ते चुकले, त्या बाळाचं आम्हाला इतिहासात काही नको. साहेब वाईट माणूस नाहीत, त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले की या वाऱ्यात हेलिकॉप्टर उतरत नाही, पण वारा पडला की डॉक्टर आणि फोटोग्राफर दोघांना पाठवायचं वर ठरलंय. मी विचारलं, डॉक्टर कोण? ते म्हणाले, शोध चालू आहे. फोटोग्राफर ठरलेला होता.

म्हणून आता मी सांगते ते कर, आणि जन्मात एकदा तरी माझं पूर्ण ऐकल्याशिवाय उठून पळू नकोस. परवा अमावास्या आहे. त्यांचं पांढरं जहाज आजच येऊन उभं राहिलंय. मला माहीत असणारच, उद्या सकाळी त्याचं निषेधपत्र माझ्याच हातून जायचंय. तू त्या जहाजावर जा. तांडेल तुला नेईल, तसं त्याने मला कबूल केलंय. मी पुरतं सांगायच्या आतच तो म्हणाला, अहो, त्या शिडीच्या पायऱ्यासुद्धा मला पाठ आहेत, तुमच्या बहिणीला अलगद चढवतो. तू अधूनमधून त्याच्या होडीत बसून चक्कर मारतेसच, तेव्हा बेटावर पहाऱ्याला असलेल्या हवालदाराला त्याचं नवल वाटायचं नाही. आपल्या किनाऱ्याला यायला या वाऱ्यात दीड दिवस लागेल आणि होडीचे हिसके तुला सोसायचे नाहीत. समोरचं जहाज भात शिजायच्या आत गाठता येतं. मिस्त्रींना हे पत्र दाखव. ते आधी घराचं म्हणतील. घर जाणार, त्यांना सांग, नक्की जाणार. माझी खोली तुमची, मी आईजवळ झोपेन. त्यांनाही बरोबर घे, यंत्र एक दिवस बंद राहिलं तर समुद्र काही आटणार नाही. आणि शिडीपाशी कुणी पांढऱ्या टोपीतली नर्स उभी असेल तिला काजव्यांचं सगळ्यात आधी सांग, मागच्या ऑपरेशनचं सांग, लाजू नकोस. मला माफ कर असं मी इथे लिहीत नाही. ते तू सुखरूप आलीस की समोर बसून मागेन, आणि नाही केलंस तरी तुझं चुकलं असं म्हणणार नाही. पत्र वाचून झालं की जाळ. हे कुणी घडवून आणलं ते साहेबांना कळायला फार दिवस लागायचे नाहीत, पण पहिल्या दिवशी ते मलाच बोलावतील, कारण असलं निषेधपत्र दुसऱ्या कुणाला जमत नाही. मी लिहीन. आमच्या बेटावरील गरोदर महिलेला आपल्या जहाजावर ठेवून घेतल्याबद्दल तीव्र निषेध, असं तिखटमीठ लावून लिहीन की साहेब खूश होतील. मग त्यांचं उत्तर येईल, नेहमीसारखं नेटकं. तुझं नाव, केलेले उपचार, प्रकृती, आणि त्याखाली बाळाचं वजन. तेवढं येईपर्यंत माझी खुर्ची टिकली की पुरे. ते उत्तर घेऊन मी त्या दिवशी वेळेवर घरी येईन आणि आईला वाचून दाखवीन.

तुझीच,
ताई